बिनदेखभालीची बाग आणि माझे १,७०,००० रुपये

पाटबंधारे खात्यात ३१ वर्षे नोकरी केलेला माणूस ठिबक सिंचनाच्या कामात फसला, हे लिहिताना मला लाज वाटते. पण सांगलीत बंगल्याभोवती 'बिनदेखभालीची बाग' करून देणारे हल्ली दारोदार फिरत असल्यामुळे गप्प बसणे मला योग्य वाटत नाही.

पत्नीच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, मुलगा पुण्यात आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडणारी आमची काळी जमीन. त्यामुळे हिरवळ नको, कण्हेर, बोगनवेल, देवचाफा अशी कमी पाण्यावर तगणारी झाडे आणि त्यांना ठिबक एवढेच मी मागितले होते, आणि त्यात माझे काही चुकले असे मला अजूनही वाटत नाही. अशाच एका कंत्राटदाराशी १,२०० चौरस फुटांचे १,८६,५०० रुपये ठरले. आगाऊ ५०,००० धनादेशाने दिले. लाल मातीचा डंपर आला त्या दिवशी ७५,००० आणि ताबा घेताना ४५,००० रोख दिले. पक्के बिल मागितल्यावर "काका, १८ टक्के जीएसटी कशाला उगाच भरताय?" असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. बिल नसेल तर रोख रक्कम देऊ नका.

ताब्याच्या दिवशी त्याने मोटार सुरू केली. फाटकाजवळच्या दोन ओळींत थेंब पडताना मी वाकून पाहिले. मागच्या ओळींची माती ओलीच दिसत होती, म्हणून तिकडे गेलो नाही. भिंतीलगत रबरी नळीचे वेटोळे पडले होते आणि तिच्या तोंडातून पाणी अजून गळत होते. ते मी पाहिले होते! आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या आणि स्वतःच्या अंगणात लॅटरलच्या, म्हणजे ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीच्या, टोकाचे टोपण उघडून पाहण्याचे सुचले नाही. ताशी ४ लिटर पाणी थेंबाथेंबाने सोडणाऱ्या ड्रिपरखाली ठेवलेल्या बाटलीत १५ मिनिटांत १ लिटर पाणी जमायला हवे; ही परीक्षा शेवटच्या ओळीत, आपल्या हाताने घ्या.

दीड महिन्यात मागची झाडे वाळली. उकरून पाहिले, तर मातीत नळीचे सुटे तुकडे पुरलेले होते, कशालाही न जोडलेले; तणरोधक कापडाच्या जागी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उसवून अंथरल्या होत्या आणि त्यांच्या शिवणींतून लव्हाळा वर आला होता. लव्हाळा चांगल्या कापडालाही भोके पाडतो, म्हणून माती उतरवून घेण्यापूर्वीच तीत त्याचे गड्डे आहेत का ते पाहा.

पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला साहेब बंदोबस्तावर होते, दुसऱ्या खेपेला अर्ज दोन प्रतींत हवा होता, आणि तिसऱ्या खेपेला "झाडे वाळली म्हणून गुन्हा कसा नोंदवायचा? ही दिवाणी बाब आहे," असे सांगून मला वाटेला लावले. मी गोण्यांचे फोटो दाखवले, ते त्यांनी हसून शेजारच्या टेबलावर दाखवले. ग्राहकांसाठीच्या मदत क्रमांकावरची माझी तक्रार समोरच्याकडून प्रतिसाद नाही म्हणून बंद झाली; जणू प्रतिसाद न देणे हाच त्याचा बचाव. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करत आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मात्र माझ्याकडे पुरावा म्हणून धनादेशाच्या ५०,००० रुपयांचीच नोंद आहे.

परवा त्याचाच फोन आला होता. राहिलेले १६,५०० कधी देताय, असे विचारत होता.