सर्व्हिस परतवताना मागे थांबायचं की बेसलाइनवर?

टेनिसमध्ये रिटर्न सुधारायला घेतला की ग्रिपच्याही आधी उभं कुठे राहायचं ते ठरवावं लागतं. मी दीड वर्षं बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) दोन-अडीच मीटर मागे उभा राहायचो. आता रेषेवर राहतो.

मागे राहण्याचा फायदा खरा आहे. नदाल मातीवरच्या फ्रेंच ओपनमध्ये पार मागे जायचा, आणि २०२१ ची यूएस ओपन जिंकणारा मेदवेदेव हार्ड कोर्टवरही तेच करतो. चेंडूचा वेग उतरतो, पूर्ण स्विंग घेता येतो. जोरकस पहिल्या सर्व्हिसवर माझे रिटर्न तेव्हा जास्त आत पडायचे, हे मान्यच करतो.

मला छळलं ते दुसऱ्या सर्व्हिसनं, म्हणजे पहिली चुकल्यावर केलेल्या सर्व्हिसनं. क्लबात ती बहुतेकांची मऊच असते. पुण्यातली मातीची कोर्टं, पावसाळा सरतानाचे दिवस, ओल धरून जड झालेले चेंडू. टप्पा पडला की चेंडू गुडघ्याच्या वर यायचाच नाही. मी मागून धावत सुटायचो, शेवटचं पाऊल पडतानाच रॅकेट फिरायची, तोल पुढे गेलेला, आणि चेंडू जाळीत. एकदा एकाच गेममध्ये दोन ब्रेक पॉइंट (समोरच्याच्या सर्व्हिसवर गेम जिंकायची संधी) असे घालवले. समोरच्याची सगळ्यात लेची सर्व्हिस, आणि पॉइंट त्याला! डावखुऱ्यांचं आणखी वेगळं. अॅड कोर्टात (परतवणाऱ्याच्या डाव्या हाताच्या अर्ध्यात) त्यांचा स्लाइस, म्हणजे बाजूला वळणारी सर्व्हिस, बाहेर जातो, आणि आपण जितके मागे, तितकं त्याच्यामागे जास्त पळावं लागतं.

रेषेवर वेळ कमी मिळतो, म्हणून जोरात मारायचा हट्ट सोडावा लागतो. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागते त्याच क्षणी छोटी उडी. रॅकेट खांद्याच्या मागे न्यायची नाही, मनगट घट्ट ठेवून चेंडू पुढ्यात अडवायचा. पहिले दोन महिने बरेच चेंडू फ्रेमला लागून उडाले. पण आता तीच मऊ सर्व्हिस मी कमरेच्या उंचीवर घेतो, आणि मी पुढे सरकलेला दिसला की समोरचा सर्व्हिससाठी वर फेकण्याआधी चेंडू जरा जास्तच वेळा आपटतो.

तुमच्या गटात तगडे सर्व्हर असतील तर पहिल्या सर्व्हिसला मागे राहणं चूक म्हणणार नाही. खांद्यापर्यंत उसळणाऱ्या किक सर्व्हिसला मीही पाऊलभर मागे सरतो. दुसऱ्या सर्व्हिसला मात्र रेषा सोडावी असं मला तरी वाटत नाही. आठवडाभर करून बघा: जोडीदाराला सर्व्हिस लाइनवरून (जाळी आणि बेसलाइन यांच्यामधल्या रेषेवरून) सर्व्हिस करायला सांगा, वीस मिनिटं. लांब बॅकस्विंगला वेळच उरत नाही. मग तो बेसलाइनवर गेला की त्याचा चेंडू सावकाश येतोय असं वाटतं.