जुना वॉरगेम घेताना मी कसा फसलो

वॉटर्लूच्या लढाईवरचा एक जुना वॉरगेम, म्हणजे लढाई पटावर सोंगट्यांनी खेळायचा खेळ, मी बरीच वर्षं शोधत होतो. छपाई कधीच बंद झालेली, त्यामुळे मिळाला तर कुणाकडचा जुनाच मिळणार. शेवटी ऑनलाइन एक जाहिरात दिसली: पूर्ण संच, सोंगट्या अजून पुठ्ठ्याच्या तावातून सुट्यासुद्धा केलेल्या नाहीत. फोटोही तसेच होते. विक्रेता गोड बोलायचा, लगेच उत्तर द्यायचा. मग ‘आणखी दोघं मागे लागलेत, आजच पैसे टाका’ म्हणाला, आणि ओळखीच्या माणसाला पाठवतात तसे थेट पाठवायला लावले. तसे पाठवले की खरेदीदाराला काही संरक्षण उरत नाही, हे मला माहीत होतं. तरी पाठवले.

खोका आला. फोटोत त्याचा डावा कोपरा फाटलेला होता, हा अगदी शाबूत. मी खूश झालो. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

आत सोंगट्या पिशव्यांत सुट्या भरलेल्या. फ्रेंच आणि ब्रिटिश ठीक होत्या. प्रशियन हातात घेतल्या आणि बोटांनाच कळलं: पातळ, कडा कात्रीने कापलेल्या. तावातून तोडलेल्या सोंगटीच्या कोपऱ्याला पुठ्ठ्याचं बारीक कुसळ राहतं, ते एकीलाही नव्हतं. भिंग लावलं तर आकड्यांच्या कडा फुटलेल्या. रंगीत झेरॉक्स काढून पुठ्ठ्यावर चिकटवलेली! आणि ब्रिटिशांच्या मदतीला आलेल्या प्रशियन सैन्यातल्या ब्यूलो या सेनापतीच्या चौथ्या कोअरची (कोअर म्हणजे सैन्याचा मोठा विभाग) तर झेरॉक्सही नव्हती.

१८ जून १८१५ चा सगळा ताण त्या कोअरमध्ये आहे. दोन दिवस आधीच्या लिग्नीच्या लढाईत ते नव्हतं, म्हणून ताज्या दमाचं होतं. दुपारी साडेचारच्या सुमारास ते फ्रेंचांच्या उजव्या बगलेवर उतरलं आणि प्लान्सनुआ गाव वाचवायला नेपोलियनला लोबाऊ या आपल्या सेनापतीची फौज आणि शाही रक्षकदलातली यंग गार्ड तिकडे वळवावी लागली. ब्यूलो पटावर येणारच नसेल, तर फ्रेंच खेळाडूला घाई कसली? तो खेळ वॉटर्लूचा राहतच नाही.

विक्रेत्याने पहिल्या तक्रारीनंतर उत्तर देणं बंद केलं, मग खातंच नाहीसं झालं.

आता मी आजची तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी खोक्यावर ठेवून फोटो मागतो. सोंगट्या सुट्या असतील तर प्रत्येक सैन्याच्या वेगळ्या मांडून, दोन्ही बाजूंनी. नियमपुस्तिकेत बहुधा सोंगट्यांची यादी असते, त्या पानाचाही फोटो मागवून एकेक मोजतो. खरा मालक कुरकुरतो, पण पाठवतो. त्याचाही या छंदावर जीव असतो.

गेल्या आठवड्यात तोच फोटो वेगळ्या नावाने पुन्हा दिसला. डावा कोपरा फाटलेला खोका, खाली निळी चादर, बाजूला दोन पांढरे फासे. तुम्हाला दिसला तर पैसे पाठवू नका.