हाताने घडवलेला म्हणून विकलेला साच्यातला फिश

सॅन दिएगोच्या आसपास राहणाऱ्या आणि जुन्या घडणीचा सर्फबोर्ड घ्यायच्या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी लिहितोय. ७८० डॉलरचा बोर्ड आणि वर १४० डॉलरची फिनची (बोर्डच्या तळाला लावायच्या पात्यांची) जोडी मला खोटं सांगून विकली गेली. विकणारा माणूस अजून विकतोच आहे.

मला ‘फिश’ या प्रकारचाच बोर्ड हवा होता. हा प्रकार इथलाच. १९६७च्या सुमारास स्टीव्ह लिस या इथल्या तरुणाने तो गुडघ्यांवर बसून लाटा घ्यायला घडवला: आखूड, रुंद, जवळपास सपाट, मागे दुभंगलेली शेपटी आणि लांब बुडाच्या दोन फिन, म्हणजे कील. १९७२ची जागतिक स्पर्धा सॅन दिएगोत झाली आणि जिमी ब्लिअर्सने ती फिशवरच जिंकली. टूरमलिन किनाऱ्याच्या मऊ, कमरेएवढ्या लाटांवर असा बोर्ड सहज वेग धरतो. हिवाळ्यात वायव्येकडून जोर आला की ब्लॅक्स किनाऱ्यावर लाटा ताठ उभ्या राहतात, तिथे फिन बदलाव्या लागतात. म्हणून फिन काढता-घालता येणारा फिश मी शोधत होतो.

जाहिरातीत नेमकं तेच होतं. ‘ओशन बीचच्या जुन्या शेपरने हाताने घडवलेला, पॉलियुरेथेन फोम, रेझिनमध्येच मिसळलेला रंग, मधोमध लाकडी स्ट्रिंगर, मरीन प्लायच्या कील.’ शेपर म्हणजे बोर्ड घडवणारा, रेझिन म्हणजे वरचं कवच घट्ट करणारा द्रव, आणि स्ट्रिंगर म्हणजे फोमच्या मधोमध उभी बसवलेली पट्टी. समोरासमोर भेटल्यावर तो गृहस्थ इतकं सराईतपणे बोलत होता, की शेपटीच्या दोन टोकांतलं अंतर किती आणि का, हेसुद्धा त्याने समजावून सांगितलं. वर म्हणाला, ‘या कील टूरमलिनपासून ब्लॅक्सपर्यंत सगळीकडे चालतात, दुसरं काही घ्यायची गरज नाही.’ हे धादांत खोटं. कीलचं बूड लांब असल्यामुळे सरळ रेषेत वेग छान मिळतो, पण ताठ लाटेच्या पोटात त्या पटकन वळत नाहीत. तिथे उंच, अरुंद बुडाच्या दोन फिन आणि मागे मध्ये एक छोटी आधाराची, अशी मांडणी बरी पडते.

पहिल्याच कडक उन्हात बोर्डच्या वरच्या बाजूला तळहाताएवढा फुगा आला. पॉलियुरेथेन इतक्या सहज असं वागत नाही. थर्माकोलच्या जातीच्या फोममधली हवा उन्हाने प्रसरण पावते आणि वरचं कवच सुटतं, म्हणून तसल्या बऱ्याच बोर्डांना हवा जायला छोटं भोक ठेवतात. मी नावाचा गोल स्टिकर सोलला. खाली तेच भोक होतं, पुट्टीने बुजवलेलं! शेपटीजवळचा रंग खरवडला तर खाली जुनी चीर निघाली, आणि बोर्ड उभा करून ठेवल्यावर तिच्यातून खारं पाणी ठिबकायला लागलं. साच्यातून काढलेला, पाणी पिऊन बसलेला बोर्ड त्याने रंगवून विकला होता.

शेपरची सही तर बघण्यासारखी आहे. हाताने घडवणारा माणूस मापं, क्रमांक आणि सही फोमवर पेन्सिलीने लिहितो, मग त्यावर काचेचं कापड आणि रेझिन चढतं. म्हणजे अक्षरं कवचाच्या आत असतात, नख फिरवलं तर नुसता गुळगुळीतपणा लागतो. माझ्या बोर्डवरची सही ओल्या अंगठ्याने पुसली गेली. स्ट्रिंगर फक्त वरच्या बाजूला होता, कारण तो ब्रशने ओढलेला होता. ज्यांचं नाव वापरलं होतं त्या शेपरकडे बोर्ड घेऊन गेलो. त्यांनी वही काढून क्रमांक पाहिला. तो क्रमांक एका लाँगबोर्डचा निघाला. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा उतरला ते मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

फिनही तशाच. खऱ्या प्लायची कील घासून निमुळती केली की लाकडाचे थर उघडे पडतात आणि नकाशावरच्या उंचीरेषांसारख्या वळणदार रेषा दिसतात. माझ्या कीलवर धारेपर्यंत एकसारखी सरळ रेघ होती. पॉलिश पेपर मारला तेव्हा लाकूड सोलून निघालं, खाली पांढरं प्लास्टिक.

साच्यातला बोर्ड वाईट असतो असं मी म्हणत नाही. साच्यातला म्हणून, त्याच्या भावात विका, कोण नको म्हणतंय? घेताना मोबाईलचा टॉर्च एका बाजूने कडेला लावून पाहा: रेझिनमधला रंग उजेड आत घेतो आणि स्ट्रिंगरची काळी रेघ दोन्ही बाजूंनी दिसते, फवारलेला रंग उजेड अडवतो. स्टिकर काढून दाखवायला सांगा. क्रमांकाचा फोटो शेपरला पाठवा, आणि उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका.

पैसे मित्र-नातलगांना पाठवायच्या, खरेदीला संरक्षण नसलेल्या पर्यायातून मागून घेतले होते, त्यामुळे तक्रारीला दाद मिळाली नाही, आणि त्या माणसाने मला ब्लॉक केलं. कॅलिफोर्नियात १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय छोट्या दाव्यांच्या कोर्टात लावता येतो, पण त्यासाठी समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता लागतो. त्याने व्यवहार किनाऱ्यावरच्या पार्किंगमध्ये केला तो याचसाठी. माझा दावा तिथेच अडलाय. तुम्ही बोर्ड बघायला जाल तर त्याच्या घरीच जा, आणि नाव-पत्त्यासकट सही केलेली पावती घ्या.