पर्यायी अहवाल की सामाजिक अंकेक्षण?

2015 साली संयुक्त राष्ट्रांत स्वीकारलेल्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांवर दक्षिण आशियातील नागरी संघटना मुख्यतः दोन मार्गांनी लक्ष ठेवतात. पहिला मार्ग पर्यायी अहवालाचा, म्हणजे सरकारी अहवालाच्या जोडीला नागरी संघटनांनी स्वतः मांडलेल्या अहवालाचा. भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे या उद्दिष्टांवरील प्रगतीचे आपले ऐच्छिक राष्ट्रीय आढावे मांडले, तेव्हा भारतात ‘वादा न तोडो अभियान’ या नागरी संघटनांच्या आघाडीने नागरी समाजाच्या बाजूने स्वतंत्र मांडणी केली. सरकारी सरासरीत दिसेनासे होणारे दलित, आदिवासी आणि अपंग व्यक्ती अशा मांडणीतून समोर येतात. मात्र हे आढावे जिथे मांडले जातात त्या न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर नागरी संघटनांच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे येतात आणि सरकारवर उत्तराचे कोणतेही कायदेशीर बंधन नसते.

दुसरा मार्ग सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे सरकारी कामांचा हिशेब लोकांनीच जाहीरपणे तपासण्याचा. राजस्थानात 1990च्या दशकात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामांच्या हजेरीपटावरील नावे आणि रकमा गावासमोर मोठ्याने वाचल्या जात, आणि ज्याच्या नावावर मजुरी दाखवली आहे तो मजूर तिथेच उभा राहून ती मिळाली नसल्याचे सांगे. पुढे 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 ने ग्रामसभेला अंकेक्षणाचा अधिकार दिला, तर मेघालयाने 2017 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. अर्थात, तक्रार मांडणाऱ्यांवर गावातील बलवानांचा दबाव येतो आणि हडपलेल्या रकमेची वसुलीही अनेकदा रखडते.

तरीही साधने मर्यादित असतील, तर माझ्या मते ती आधी अंकेक्षणावर खर्च व्हावीत, कारण गावपातळीवरील अशा पुराव्याशिवाय पर्यायी अहवालालाही सरकारी आकडेच उसने घ्यावे लागतात.