दातातल्या दाताचं रूट कॅनल : आठ-नऊ महिन्यांनंतर

रूट कॅनल पोरीचं झालंय, नववीतल्या. वरचा, पटाशीच्या बाजूचा दात. दिसायला ठणठणीत, कीड नाही, कधी मार लागलेला नाही. तरी हिरडीवर पुटकुळी यायची, फुटायची, परत यायची. पहिल्या डेंटिस्टनं प्रत्येक वेळी अँटिबायोटिक आणि माउथवॉशवर भागवलं. एक्स-रेचं नावच नाही!

मग इथे नागपुरातच, धरमपेठेत एका एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनलच्या तज्ज्ञ) मॅडमकडे गेलो. थंड स्प्रेचा बोळा लावला तर शेजारच्या दातांनी पोरगी दचकली, या दाताला काहीच नाही, म्हणजे आतली नस मेलेली. मग त्यांनी पुटकुळीच्या तोंडातून गट्टापर्चाची (रबरासारख्या पदार्थाची) बारीक काडी आत सरकवून एक्स-रे घेतला. काडी सरळ त्याच दाताच्या मुळाच्या टोकाशी पोचलेली, आणि दाताच्या पोटात आणखी एक चिमुकला दात! याला डेन्स इनव्हॅजिनेटस म्हणतात. दात घडतानाच इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, आत दुमडतं, टाळूकडच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी खाच राहते आणि तिथून जंतू आत शिरतात. ब्रश कितीही घासा, उपयोग नाही. ओहलर्स नावाच्या संशोधकानं १९५७ मध्ये याचे तीन प्रकार केले. आमचा दुसरा, म्हणजे दुमड मुळात उतरलेली, पण खाली बाहेर न फुटलेली.

सीबीसीटी, म्हणजे दाताच्या थ्रीडी स्कॅनचा खर्च जिवावर आला होता, पण साध्या एक्स-रेत सगळं एकावर एक दिसतं. स्कॅन नसता तर आतली वाट सापडलीच नसती, असं माझं मत. खर्च झेपत नसेल तर आपल्या शासकीय दंत महाविद्यालयात आधी विचारा.

काम किचकट. रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा), मायक्रोस्कोप, अल्ट्रासोनिक टिपनं आतला दात पोखरणं, जंतू मारायला हायपोक्लोराइटनं धुणं. खोलीभर स्विमिंग पूलसारखा वास. मग कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध भरून काही आठवडे थांबायचं. दात लहानपणीच मेल्यामुळे मुळाचं टोक उघडंच राहिलेलं, ते एमटीए नावाच्या सिमेंटनं बंद केलं. दुखलं फारसं नाही. तोंड उघडं ठेवून जबडा मात्र आंबून जायचा.

आता? पुटकुळी गेली ती गेलीच. एक्स-रेत मुळाशी हाड झिजल्याचा काळा डाग होता, तो बराच आकसलाय, पूर्ण गेलेला नाही. हाड भरायला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. फुटाळा तलावावर पोरगी भुट्टा खाते, पण दाणे हातानं सोडून. मुळाच्या भिंती पातळ आहेत म्हणून मीच दातानं तोडू देत नाही. एक नाराजी आहे : दात किंचित करडा पडलाय, फोटोत तिला ते खुपतं. आतून ब्लीचिंग होतं म्हणतात, ते पुढे बघू.

आणि हो, हे बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असतं. डावीकडच्या तशाच दातालाही खाच निघाली, पण तो जिवंत होता. ती एकाच बैठकीत सीलंटनं (खाच बंद करणाऱ्या लेपानं) बुजवली, इंजेक्शनसुद्धा लागलं नाही.