केटीएम ३९० ड्यूक : चौदा महिने, ११,६०० किलोमीटर आणि मेहुण्याची इंटरसेप्टर

नव्या ३९९ सीसी इंजिनाची केटीएम ३९० ड्यूक घेऊन मला चौदा महिने झाले असून आज सकाळी मीटरवर ११,६०० किलोमीटरचा आकडा होता. गाडी रोज कोल्हापूर ते शिरोली एमआयडीसी अशी कामावर जाते, महिन्यातून दोनदा गगनबावडा किंवा आंबा घाटात जाते आणि आजवर एकदा कोइमतूरच्या ट्रॅकवरही जाऊन आली आहे. पण हा अनुभव लिहिण्याचे खरे कारण माझा मेहुणा आहे. मी ड्यूक घेतली त्याच्या आधी चार महिने त्याने रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० घेतली होती आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक जेवणात, प्रत्येक सणाला आणि एकदा तर साखरपुड्याच्या मांडवात कोणाची गाडी जास्त पळते हा एकच विषय चालू राहिला आहे.

त्याचे म्हणणे पहिल्या दिवसापासून एकच आहे. माझी गाडी तासभर चालवून परत देताना तो म्हणाला होता, "दाजी, गाडी पळती, खरं लई पिळाय लागती." म्हणजे गाडी पळते, पण रेस फार पिळावी लागते. तेव्हा मला राग आला होता. चौदा महिन्यांनंतर मला हे मान्य करावे लागते की या गाडीचे इतके नेमके वर्णन मी कुठेही वाचलेले नाही.

कागदावर पाहिले तर दोन्ही गाड्यांची ताकद जवळपास सारखीच आहे. ड्यूक ८,५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या होताना, ४६ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) देते आणि इंटरसेप्टर सव्वासात हजारांच्या आसपास ४७ पीएस देते. फरक टॉर्कमध्ये आहे. ड्यूकचा टॉर्क ६,५०० आरपीएमला ३९ न्यूटन मीटर आहे, तर इंटरसेप्टरचा सव्वापाच हजारांच्या जवळ ५२ न्यूटन मीटर असून त्याचा ८० टक्के भाग २,५०० आरपीएमलाच हाताशी येतो असे कंपनी सांगते. टॉर्क म्हणजे क्रँकला, पिस्टन जो दांडा फिरवतो त्याला, बसणारा पीळ, आणि पॉवर म्हणजे तो पीळ मिनिटाला किती वेळा बसतो याचा हिशोब. त्यामुळे कमी पीळ असलेल्या इंजिनाला तेवढेच काम करून दाखवायचे असेल तर जास्त वेगाने फिरण्यावाचून गत्यंतर नसते.

माझा व्यवसाय ओतकाम आणि मशिनिंगचा असल्यामुळे मला या फिरण्याचे विशेष कौतुक वाटते. ड्यूकच्या सिलिंडरचा व्यास ८९ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ६४ मिलिमीटर आहे. इंटरसेप्टरच्या दोन सिलिंडरांत हेच आकडे ७८ आणि ६७.८ आहेत. रुंद सिलिंडरच्या डोक्यावर मोठे व्हॉल्व बसवायला जागा मिळते, त्यामुळे कमी वेळात जास्त हवा आत घेता येते, आणि धाव आखूड असल्यामुळे आरपीएम वाढला तरी पिस्टनचा वेग आवाक्यात राहतो. तरीही ८,५०० आरपीएमला ड्यूकच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १८ मीटरच्या वर जातो आणि तो पिस्टन सेकंदाला २८३ वेळा थांबून उलट फिरतो. इंटरसेप्टरचा पिस्टन तिच्या कमाल ताकदीच्या आरपीएमला सेकंदाला साडेसोळा मीटरच्याही आत असतो. मेहुण्याची गाडी आयुष्यभर निवांत चालेल, असे माझे सासरे म्हणतात ते या अर्थाने चुकीचे नाही.

रोजच्या वापरात याचा परिणाम असा दिसतो. तावडे हॉटेलच्या चौकातून हायवेला लागताना इंटरसेप्टर तिसऱ्या गियरमध्येच मुकाट्याने ओढत जाते, तर ड्यूकला दुसरा गियर टाकून आरपीएमचा काटा चार हजारांच्या वर न्यावा लागतो. एकच मोठा सिलिंडर असल्यामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो, म्हणून तीन हजारांच्या खाली वरच्या गियरमध्ये रेस दिली की साखळी थडथडते आणि गाडी नाराजी दाखवते. मात्र काटा सहा हजारांच्या पुढे गेला की ही गाडी जी सुटते ती बुंगाटच. क्विकशिफ्टरमुळे रेस न सोडता डाव्या पायाने गियर वर टाकत गेले की प्रत्येक वेळी एक छोटा ठसका ऐकू येतो आणि ओढ तुटत नाही. या एका गोष्टीसाठी मी ही गाडी पुन्हा घेईन. लाँच कंट्रोल, म्हणजे उभ्या जागेवरून जोरात सुटायला मदत करणारी सोय, मात्र मी चौदा महिन्यांत मोजून तीन वेळा वापरले आहे आणि तेही मेहुण्याला दाखवण्यासाठी.

आम्ही पहिली मोजणी केली ती पाचव्या गियरमध्ये ५० वरून ८० पर्यंत जाण्याची, आणि ती शर्यत नव्हती. एकाने जाऊन यायचे, मग दुसऱ्याने, आणि जीपीएसच्या यंत्रावर वेळ बघायचा. रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे आणि चौपदरी हायवेवर दुचाकीची मर्यादा ८० आहे. आम्ही दोघेही मुलाबाळांचे असल्यामुळे ही अट त्याच्या बहिणीने, म्हणजे माझ्या पत्नीने, पहिल्याच दिवशी घातली होती. या मोजणीत इंटरसेप्टरने मला जवळपास एका सेकंदाने मागे टाकले. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे दोन्ही गाड्यांचे मीटर जीपीएसपेक्षा थोडा जास्त वेग दाखवतात. मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये असा नियम असल्यामुळे सगळेच उत्पादक आकडा जरा वरच ठेवतात. म्हणूनच मीटरचा फोटो काढून कोणी कमाल वेगाच्या बढाया मारत असेल तर त्यातले पाच-सात किलोमीटर आधी वजा करून मगच ऐकावे.

यानंतर मी ती चूक केली जी बहुतेकांकडून एकदा होते. शहरातल्या एका दुकानदाराने 'चार पीएस वाढतील' असे सांगून मला एक फ्री-फ्लो, म्हणजे धूर कमी अडवणारा, सायलेन्सर विकला. आवाज वाढला, पण त्याच पाचव्या गियरच्या मोजणीत गाडी आधीपेक्षा हळू निघाली. याचे कारण नंतर नीट समजले. एक्झॉस्टच्या नळीची लांबी आणि जाडी अशी ठरवलेली असते की एका स्फोटाचा धूर बाहेर जाताना मागे जो हलका पोकळपणा तयार होतो, तो ठराविक आरपीएमला पुढच्या मिश्रणाला आत ओढायला मदत करतो. ही जुळणी मोडली, आणि पेट्रोल किती सोडायचे हे ठरवणारा ईसीयू जुन्याच हिशोबावर राहिला, तर हाती फक्त आवाज येतो. असे सायलेन्सर पोलीस जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, ती वेळ येण्याआधी एकोणीस दिवसांत मी मूळचा सायलेन्सर परत बसवला. पैसे गेले ते गेलेच.

आता वजनाचा विषय, ज्यावर आमचे सर्वांत जास्त तास खर्च झाले आहेत. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ड्यूक १६८ किलोची आणि इंटरसेप्टर २१७ किलोची आहे. म्हणजे टनामागे ताकद काढली तर ड्यूकची २७४ पीएस येते आणि इंटरसेप्टरची २१७. हा सव्वीस टक्क्यांचा फरक मी वर्षभर जेवणाच्या ताटावर मांडत आलो. शेवटी एका रविवारी मेहुणा म्हणाला की कंपनीच्या कागदापेक्षा काट्यावर बघू. आमच्या कारखान्यात कास्टिंग मोजायचा प्लॅटफॉर्म काटा आहे. त्यावर आधी माझी गाडी चढवली, मग त्याची. दोघांनीही क्रॅशगार्ड लावलेले असल्यामुळे दोन्ही गाड्या कागदापेक्षा थोड्या जास्तच भरल्या, तरी अंतर साधारण तेवढेच राहिले. त्यानंतर त्याने हेल्मेट आणि जॅकेट घालून गाडीवर बसून वजन दिले आणि मला हाताने खूण केली की आता तुम्ही.

जॅकेट, बूट, हेल्मेट यांसह मी ८८ किलो भरलो आणि तो ६५. ही वजने धरून पुन्हा हिशोब केला तर माझी बाजू टनामागे १८० पीएस आणि त्याची १६७ अशी येते. सव्वीस टक्क्यांचे आठ टक्के झाले. बाकीचे अठरा टक्के पोटावर आहेत हे काट्यावरच्या लाल आकड्यांनी कारखान्यातल्या दोन हेल्परांच्या देखत सांगितले. त्यात आणखी एक लबाडी होती जी मला महिन्यानंतर कळली. तो टाकी जवळपास रिकामी करून आला होता आणि माझी पंधरा लिटरची टाकी काठोकाठ भरलेली होती. लिटरमागे पाऊण किलो धरले तर हेच अकरा किलो होतात.

या वेळी सासरेही हजर होते. त्यांच्याकडे अजून यामाहा आरएक्स १०० आहे आणि तिचे नाव निघाले की ते खुर्चीत पुढे सरकतात. ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती आणि शंभरेक किलोची ती गाडी आजच्या आकड्यांत कुठेच बसत नाही. पण टू-स्ट्रोक असल्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट, अंगावर चरबी नाही आणि गियर आखूड, त्यामुळे चाळीस-पन्नासपर्यंत ती अशी उसळते की बसणाऱ्याला वेगाचा भास प्रत्यक्ष वेगापेक्षा मोठा होतो. १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले तरी कोल्हापुरात तिचा नाद अजून सुटलेला नाही. सासऱ्यांचे मत असे की आम्ही दोघेही वजन वाहून नेणारे हमाल आहोत.

खरा निकाल कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर लागला. माजी रेसर एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे आणि पैसे भरून तिथे आपली गाडी फिरवता येते. आम्ही गाड्या पिकअपमध्ये टाकून सुमारे हजार किलोमीटर गेलो. सरळ पट्ट्यावर जे व्हायचे ते झाले. पहिल्या दोन गियरमध्ये तो जवळ राहिला, काटा वर चढल्यावर मी पुढे गेलो. शंभरच्या पुढे मात्र मला हवा जाणवू लागली. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणजे १०० ऐवजी १४० ने जायचे तर हवेपुरती पावणेतीनपट ताकद हवी. टाकीवर छाती टेकवून वाकलो की शेवटचे काही किलोमीटर फुकटात मिळत होते, आणि ८८ किलोच्या माणसाला तसे वाकणे सोपे नसते.

वळणावर ड्यूकने मला जे दिले ते इंटरसेप्टरला देता येण्यासारखे नव्हते. १७ इंची चाके, मागे १५० चा रुंद टायर, हलके बूड आणि ट्रॅकवर बसून क्लिक मोजत जुळवता येणारे पुढचे सस्पेन्शन यामुळे गाडी मनात आणले तिकडे वळते. मेहुण्याच्या गाडीचे पाय ठेवायचे फूटपेग खाली असल्यामुळे डाव्या लांब वळणात ते डांबराला घासत होते. इतके असूनही दुपारपर्यंत प्रत्येक फेरीत त्याची वेळ माझ्यापेक्षा जेमतेम सेकंदभर जास्त येत होती. तिथल्या प्रशिक्षकाने मला बाजूला घेऊन एवढेच विचारले की सरळ पट्टा संपायच्या इतक्या आधी ब्रेक का लावता. मी पट्ट्यावर जेवढे कमावत होतो ते सगळे ब्रेकवर उधळत होतो.

संध्याकाळच्या शेवटच्या सत्रात आम्ही गाड्या बदलल्या. त्याने माझ्या ड्यूकवर माझ्या दिवसभरातल्या उत्तम फेरीपेक्षा दोन सेकंद कमी वेळ लावला आणि मी त्याच्या इंटरसेप्टरवर त्याच्यापेक्षा चार सेकंद जास्त. खाली उतरून त्याने हेल्मेट काढले आणि पहिल्यांदाच माझ्या गाडीच्या टाकीवर थाप मारून म्हणाला, "नाद खुळा गाडी आहे दाजी." पिळाय लागती हे वाक्य त्या दिवशी त्याने म्हटले नाही.

घ्यावी की नाही असे विचारणाऱ्यांसाठी उरलेले थोडक्यात लिहितो. शहर आणि हायवे मिळून मला लिटरला २६ ते २८ किलोमीटर मिळतात. साखळीला दर पाचशे किलोमीटरवर तेल द्यावे आणि तिचा ढिलेपणा स्वतः बोटाने दाबून बघावा, कारण एका गॅरेजमध्ये ती इतकी ताणून दिली होती की खड्ड्यात मागचे सस्पेन्शन दबायलाच तयार नव्हते. टायरची हवा थंड असतानाच तपासावी. पत्नीला मागे बसवून घाटात जायचे असेल तर सीटचा विचार आधी करावा. माझी पत्नी दोनदा बसली आणि आता लांबच्या प्रवासाला ती भावाच्या गाडीवर बसते. हा अपमान मी गिळला आहे.

पुढच्या ट्रॅकवारीसाठी मी नवीन काहीच बसवणार नाही. दोन महिन्यांत पाच किलो वजन उतरवले आहे आणि अजून सहा उतरवायचे आहेत. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती, पण परवा सासुरवाडीला जेवायला बसलो तेव्हा मेहुणा स्वतः वाढायला उठला, मी हात आडवा धरला असताना त्याने बोटांच्या फटीतून तिसरी पुरणपोळी ताटात सरकवली आणि तिच्यावर तुपाची वाटी उपडी केली.