भायखळ्यातला नीतिसूत्रांचा वर्ग: आठ बुधवार

मी लालबागला ब्लाउज शिवते. लग्नसराईत बुधवारी सातलाच दुकान बंद केलं की दोन-तीन गिऱ्हाइकं हमखास परत जातात. तरी आमच्या भायखळ्याच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकावर ठेवलेल्या वर्गाला मी आठही बुधवार गेले. जावं का, असं मंडळीतल्या बऱ्याच जणी विचारतात. जावं.

वर्ग सव्वासातला, चर्चमागच्या हॉलमध्ये. फी नाही, वही आणि चहाचे मिळून 50 रुपये. पुस्तकाचे अध्याय 31, तेव्हा घरी रोज तारखेप्रमाणे एक वाचायचा. वर्गात मात्र प्रत्येकाने आपला एक अडलेला निर्णय सांगायचा आणि मग शास्त्र उघडायचं. मला हीच पद्धत लागू पडली.

शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की इथे 'ज्ञान' म्हटलंय तिथे मूळ हिब्रू शब्द 'होखमा' आहे, आणि तो हाताच्या कसबालाही वापरतात. मग बायबलमधल्याच निर्गम या पुस्तकाचा 28वा अध्याय काढायला लावला. मोशेचा भाऊ अहरोन याची याजकाची, म्हणजे पुरोहिताची, वस्त्रं ज्यांनी करायची, त्यांना देवाने ज्ञानाच्या आत्म्याने भरलं होतं. म्हणजे शिवणकाम करणारी माणसं! लहानपणापासून चर्चला जातेय, पण ते वचन माझ्या मशीनपर्यंत कधी पोचलं नव्हतं. पुढे अकराव्या अध्यायातला खोटा तराजू आला तेव्हा मला माझी मेजरटेप दिसली. ऐंशी सेंटिमीटरमध्ये बसणाऱ्या ब्लाउजला मीटरभर कापड मागायचं आणि उरलेलं ठेवून घ्यायचं, याला आमच्या धंद्यात कुणी चोरी म्हणत नाही. मी आता तुकडे पिशवीत घालून परत देते.

तिसऱ्या बुधवारी माझी पाळी आली. धाकट्या दिरांना रिक्षासाठी पतपेढीतून 3 लाख काढायचे होते आणि जामीनदार म्हणून सही मी करणार होते. हो म्हणून बसले होते. बाईंनी सहावा अध्याय वाचायला दिला. शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, जा, गयावया कर, हरिणी शिकाऱ्याच्या हातून सुटते तशी सूट. मला घामच फुटला. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हप्ते थकले तर पतपेढी थेट तुमच्या दारात येऊ शकते.

तेवढ्यात मागून एका तरुण मुलीने विचारलं, "मग पौलाने काय केलं? अनेसिमाचं देणं माझ्या हिशेबी मांड, असं त्याने फिलेमोनाला लिहिलंच ना?" अनेसिम हा फिलेमोनाचा दास, त्याला परत पाठवताना प्रेषित पौलाने लिहिलेलं पत्र बायबलमध्ये आहे. हॉल गप्प झाला. बाईंनीही घाईने उत्तर दिलं नाही. त्यांनी ते पत्र वाचून दाखवलं, एकूण 25 वचनांचं तर आहे. मग म्हणाल्या, "पौल म्हणतो, मी स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन. दुसरा फेडेल या भरवशावर त्याने सही केलेली नाही. तुम्ही स्वतः किती फेडू शकता, तेवढं आज घरी जाऊन लिहून काढा."

रात्री मिस्टरांबरोबर वही घेऊन बसले. आकडा आला 40 हजार. दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला जाऊन सांगितलं, "भाऊजी, सही करणार नाही. हे 40 हजार घ्या, परत मागणार नाही." ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही शब्द दिला होता." खरंच दिला होता. त्याची मी माफी मागितली. पैसे त्यांनी आठवड्याने घेतले, घरी मात्र अजून आलेले नाहीत. वर्गात हे सांगितलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, दिरांसाठी प्रार्थना केली. त्या दिवसापासून या वर्गावर माझा विश्वास बसला.

नववा अध्यायही बाईंनी फार सुंदर उलगडला. ज्ञान आणि मूर्खता दोघीही नगराच्या उंच जागेवरून एकाच शब्दांत भोळ्याला हाक मारतात. मग ओळखायचं कसं? बाई म्हणाल्या, ताटात काय आहे ते बघा. एकीने घर बांधलंय, स्वतः जेवण तयार ठेवलंय. दुसरीकडे आहे ते चोरीचं पाणी.

उणिवाही सांगते. माइक खरखरतो, मागे बसलेल्या म्हाताऱ्यांना अर्धं ऐकू येत नाही. शेवटचा बुधवार तर फारच घाईत उरकला. नीतीने वागूनही बायबलमधल्या ईयोबावर दुःख का आलं, या प्रश्नाला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंचा मुलगा गेल्या वर्षी वारला. त्या त्याच दिवसाची वाट बघत होत्या. पुढच्या वेळी ईयोबाला दोन बुधवार द्यावेत, अशी चिठ्ठी मी पाळकसाहेबांकडे दिली आहे.

पुढचा वर्ग बायबलमधल्या याकोबाच्या पत्रावर आहे. पहिल्याच अध्यायात आहे की ज्याला ज्ञान उणं पडतं त्याने देवाकडे मागावं. नाव नोंदवलंय, या वेळी मिस्टरांचंही.